सामना किती वाजता? आणि कुणाच्या घड्याळात?

रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीचे आरक्षण असले, की घरातले कोणीतरी जाणते माणूस तिकीट हातात घेऊन तारीख मोठ्याने वाचून दाखवते. ‘पंधरा तारीख म्हणजे चौदाच्या रात्री निघायचं बरं!’ हे सांगावेच लागते. कारण पंधराला दिवसभराची कामे उरकून, रात्री जेवून, डबा बांधून फलाटावर येणारे प्रवासी आजही भेटतात, आणि त्यांची गाडी जाऊन तोपर्यंत चोवीस तास होत आलेले असतात. झाशी हे दिल्ली-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन. मध्यरात्रीच्या गाड्यांना तिथे तोटा नाही, त्यामुळे हा घोळ झाशीकरांच्या चांगला परिचयाचा. तिकिटावर सारे बिनचूक छापलेले असते. वाचणाऱ्याच्या मनातली ‘रात्र’ आणि वेळापत्रकातली ‘तारीख’ यांची गाठ पडत नाही, इतकेच.

हाच घोळ खेळाच्या सामन्यांच्या बाबतीत झाला, तर तो आणखी वाढतो. इथे केवळ मध्यरात्र ओलांडायची नसते, तर देश ओलांडायचा असतो. सामना अमेरिकेत, प्रेक्षक झाशीत, आणि त्याच घरातली लेक कदाचित मेलबर्नमध्ये. ‘सामना सहा वाजता’ एवढेच कोणी सांगितले, तर तिघांनी तीन वेळा गजर लावायचा आणि तिघांनीही सामना चुकवायचा, अशी स्थिती. म्हणून हल्ली मोबाइलवर किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उलटगणती दाखवतात : अमुक दिवस, अमुक तास, अमुक मिनिटे उरली. संगणक शिकणाऱ्या मुलांना असे घड्याळ स्वतः तयार करण्याची हौस असते, आणि एका दुपारी ते तयार होतेही. ते बरोबर चालते का, हा मात्र वेगळा प्रश्न. मुलगा झाशीत बसून आपल्याच संगणकावर ते तपासतो, तेव्हा सारे छान दिसते. चूक उघडी पडते ती परदेशात, किंवा तिकडची घड्याळे पुढे-मागे केली जातात त्या आठवड्यात. म्हणजे नेमकी सामन्याच्या वेळी!

झाशीचे नाव इथे उगाच घेतलेले नाही. मेजर ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादेत झाला असला, तरी त्यांचे गाव म्हणून जग ओळखते ते झाशीला. धाकटे बंधू रूपसिंग इथलेच. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत ध्यानचंद यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही झाशीतल्या त्यांच्या आवडत्या हीरोज मैदानावर. या एका घराने जगभर जे सामने खेळले, त्यांच्या वेळा कागदावर मांडून पाहिल्या, तर टाइम झोनचा सगळा धडा त्यातच सापडतो. दुसरे उदाहरण शोधायची गरजच पडत नाही.

एका घराचे सामने, निराळे फरक

ध्यानचंद यांचे पहिले ऑलिंपिक १९२८ सालचे, अ‍ॅमस्टरडॅमचे. २६ मे रोजी अंतिम सामन्यात भारताने यजमान नेदरलँड्सला ३-० असे हरवले. त्या काळी नेदरलँड्सची स्वतःची वेळ होती : ग्रीनिचच्या १९ मिनिटे ३२ सेकंद पुढे. त्यात मे महिन्यात उन्हाळी वेळ लागू झालेली, म्हणजे घड्याळे आणखी एक तास पुढे केलेली. भारताची प्रमाण वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. तेव्हा झाशी आणि अ‍ॅमस्टरडॅम यांच्यातला त्या दिवशीचा फरक निघतो ४ तास १० मिनिटे २८ सेकंद! आज उन्हाळ्यात हाच फरक सरळ साडेतीन तासांचा असतो. शहर तेच, महिना तोच, पण आजचा फरक त्या दिवसाला लावला तर चाळीस मिनिटांची चूक होते.

दुसरे ऑलिंपिक १९३२ सालचे, लॉस एंजेलिसचे. ४ ऑगस्टला जपानविरुद्ध ११-१, आणि ११ ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध २४-१. या दुसऱ्या सामन्यात रूपसिंगांचे दहा गोल, ध्यानचंदांचे आठ. दोघा भावांनी मिळून अठरा! त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये उन्हाळी वेळ नव्हती. ते शहर झाशीच्या साडेतेरा तास मागे होते. म्हणजे तिथे सकाळी साडेदहानंतर जे जे घडे, ते झाशीच्या कॅलेंडरवर दुसऱ्या तारखेला घडत असे.

तिसरे, १९३६ सालचे बर्लिन. जर्मनीविरुद्धचा अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा होता. पाऊस आला, मैदान भिजले, आणि सामना १५ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता खेळवला गेला. भारत ८-१ असा जिंकला. त्या वर्षी जर्मनीत उन्हाळी वेळ नव्हती, त्यामुळे बर्लिन झाशीच्या साडेचार तास मागे. बर्लिनमध्ये अकरा वाजले, तेव्हा झाशी स्थानकाच्या घड्याळात दुपारचे साडेतीन.

पण त्याच क्षणी मुंबईत किती वाजले होते? मुंबईच्या वाचकांना आश्चर्य वाटेल, पण शहराच्या घड्याळात तेव्हा २ वाजून ५१ मिनिटे झाली होती! भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही. ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे चाले आणि १९५५ पर्यंत चालली. कलकत्त्याचीही स्वतःची वेळ होती, सुमारे २४ मिनिटे पुढची, १९४८ पर्यंत. म्हणजे एकाच देशात, एकाच सामन्याची, तीन शहरांत तीन वेळा. मुंबईहून झाशीला जाणाऱ्या माणसाला घरचे घड्याळ आणि रेल्वेचे घड्याळ यांच्यातला फरक मनात ठेवूनच बोरीबंदर गाठावे लागे. तो काळ थेट प्रक्षेपणाचा नव्हता. निकाल तारेने यायचा, वर्तमानपत्रात छापून यायचा, आणि लोक तो वाचून आनंदायचे. एखाद्या तासाने कुणाचे काही बिघडत नव्हते.

पुढची पिढी आली, तोवर रेडिओ घरोघरी पोहोचला होता. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवले. विजयी गोल होता ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार यांचा. जसदेव सिंग यांचे समालोचन ऐकायला लोक रेडिओभोवती गोळा झाले होते. इथे वेळ चुकवून चालण्यासारखे नव्हते. सामना संपल्यावर रेडिओ लावून काय ऐकणार? आणि गंमत पाहा, त्या वर्षी क्वालालंपूर भारताच्या बरोबर दोन तास पुढे होते. आज अडीच तास पुढे आहे. मलेशियाने १ जानेवारी १९८२ पासून आपले घड्याळ अर्ध्या तासाने पुढे सरकवले. आजचा फरक धरून १९७५ च्या सामन्याची वेळ काढणारा संगणक अर्धा तास चुकतो, आणि त्याला कोणी टोकले नाही तर खुशाल चुकत राहतो.

उलटगणती म्हणजे वजाबाकी

घड्याळ बनवायला बसलेल्या मुलाला पहिल्यांदा सुचते ते असे : सामन्याची तिकडची वेळ घ्या, त्यात ठरावीक तास मिळवा, आपली वेळ आली, आता उरलेले सेकंद एकेक करून कमी करत जा. हे दोन्ही मार्ग फसवे आहेत. का, ते एकेक करून पाहू.

आधी दुसरा. दर सेकंदाला आकडा एकाने कमी करायचा, हे ऐकायला अगदी साधे. पण संगणकाला त्याच वेळी इतर शंभर कामे असतात. त्याचा ‘सेकंद’ कधी किंचित लांबतो. मोबाइलचा पडदा बंद झाला, की बॅटरी वाचवण्यासाठी अशी कामे चक्क थांबवली जातात. रात्री ‘७ तास उरले’ असे पाहून मोबाइल उशाशी ठेवला, पहाटे उचलला, तर तो ‘६ तास ५८ मिनिटे’ दाखवतो. मधले तास तो झोपलेला होता! म्हणून मोजत बसायचे नाही. प्रत्येक वेळी नव्याने वजाबाकी करायची : सामन्याचा क्षण वजा आताचा क्षण. पडद्यावर आकडा दर सेकंदाला बदलत असला, तरी तो प्रत्येक वेळी ताज्या वजाबाकीतून आलेला असावा. मग मोबाइल कितीही झोपू दे, जागा झाला की बरोबरच सांगतो.

वजाबाकी करायची तर दोन्ही क्षण एकाच मापात हवेत. किलोमधून शेर वजा करता येत नाहीत, तसे झाशीच्या वेळेतून पॅरिसची वेळ वजा करता येत नाही. संगणकांनी यासाठी एक मोठी सोय केलेली आहे. त्यांच्या पोटात एक सामायिक जागतिक वेळ चालते. तिला यूटीसी म्हणतात आणि ती व्यवहारात ग्रीनिचच्या वेळेइतकीच असते. बहुतेक संगणक १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे त्या जागतिक वेळेतल्या मध्यरात्रीपासून, किती सेकंद झाले हे मोजून ठेवतात. ही संख्या झाशीत आणि न्यू जर्सीत एकाच क्षणी एकच असते. तिला ना उन्हाळी वेळ ठाऊक, ना तारीख. सामन्याचा क्षणही अशाच सेकंदांत मांडला, की वजाबाकी बिनधोक होते.

यातून एक साधी गोष्ट निघते, आणि ती पहिल्या ऐकण्यात चमत्कारिक वाटते. सामना सुरू व्हायची वेळ गावागणिक वेगळी असते. सामन्याला उरलेला वेळ मात्र साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. झाशीत ‘३ तास १२ मिनिटे’ उरली असतील, तर मेलबर्नच्या लेकीच्या मोबाइलवरही तेवढीच दिसली पाहिजेत. तशी दिसली नाहीत, तर घड्याळ बनवताना कुठेतरी गल्लत झाली आहे, हे तिथेच ओळखावे.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर पाहत, ती उलटगणतीच होती. तळाला छिद्र असलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यावर सोडायचे, ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. १८४२ साली झाशीत गंगाधरराव नेवाळकरांशी मनकर्णिकेचा विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. त्या काळी प्रत्येक गावाची दुपार त्या गावाच्या सूर्यानेच ठरत असे. आजही प्रमाण वेळेच्या घड्याळात बारा वाजतात, तेव्हा झाशीचा सूर्य डोक्यावर यायला सरासरी सोळा मिनिटे शिल्लक असतात. प्रमाण वेळ ज्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर ठरली, ते मिर्झापूरजवळून जाते. झाशी त्याच्या सुमारे चार अंश पश्चिमेला आहे, आणि एका अंशाला चार मिनिटे हा हिशेब. झाशीतली मराठी घरे महाराष्ट्रात छापलेले पंचांग वापरतात, तेव्हा सूर्योदयाच्या वेळेत आपल्या गावापुरता फरक करून घ्यावा लागतो, हे त्या घरांतल्या आज्यांना ठाऊकच असते. टाइम झोन हा शब्द न ऐकताच त्या तो हिशेब करत आल्या आहेत.

तासांचा फरक नको, शहराचे नाव हवे

आता पहिला मार्ग, ‘ठरावीक तास मिळवा’ हा. यातच खरी मेख आहे. फरक हा ठरावीक नसतोच.

ताजे उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे. ८ ऑगस्टला भारत विरुद्ध स्पेन, कांस्यपदकाचा सामना, पॅरिसच्या घड्याळात दुपारी दोन वाजता. हिवाळ्यात पॅरिस भारताच्या साडेचार तास मागे असते. तो आकडा डोक्यात ठेवून कोणी हिशेब केला, तर उत्तर येते संध्याकाळी साडेसहा. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये पॅरिसची घड्याळे तासभर पुढे असतात, फरक साडेतीन तासांचा, आणि सामना आपल्याकडे साडेपाचलाच सुरू झाला. स्पेनने आधी गोल केला. मग कर्णधार हरमनप्रीत सिंगने तिसाव्या मिनिटाला बरोबरी साधली आणि तेहतिसाव्या मिनिटाला दुसरा गोल केला. भारत २-१ असा जिंकला. गोलरक्षक श्रीजेशचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. साडेसहाला दूरचित्रवाणी लावणाऱ्याचा बरोबरीचा गोल तर नक्कीच चुकला असता, आणि बहुधा विजयाचाही. तीन वर्षे वाट पाहून एका तासाच्या चुकीने हे गमवायचे!

त्या आधीच्या खेपेला, टोकियोत, असा धोका नव्हता. ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्ध भारताने ५-४ असा विजय मिळवून एक्केचाळीस वर्षांनी हॉकीचे पदक आणले. सामना जपानमध्ये सकाळी साडेदहाला, आपल्याकडे सातला. जपान उन्हाळी वेळ पाळत नाही, आपणही पाळत नाही, त्यामुळे फरक बारा महिने साडेतीन तासच. ऑस्ट्रेलिया मात्र एकाच देशात दोन तऱ्हा करते. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, सिडनी आणि मेलबर्न घड्याळे पुढे करतात, ब्रिस्बेन करत नाही. २०२१ च्या जानेवारीत सिडनीची कसोटी तिथल्या साडेदहाला सुरू झाली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच वाजले होते. आठवड्याभराने ब्रिस्बेनची कसोटी तिथल्या दहालाच सुरू झाली, म्हणजे तिकडे अर्धा तास आधी. पण आपल्याकडे साडेपाच, म्हणजे अर्धा तास नंतर! ‘ऑस्ट्रेलियाचा फरक किती?’ या प्रश्नाला एक उत्तरच नाही. ‘कोणत्या गावाचा, कोणत्या तारखेचा?’ असे उलट विचारावे लागते.

म्हणून घड्याळात फरकाचा आकडा न लिहिता शहराचे नाव लिहायचे असते. जगातल्या भागांची घड्याळे कधी किती पुढे-मागे झाली, याचा एक मोठा तक्ता संगणकविश्वाने तयार ठेवला आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थांनी १९८० च्या दशकात त्याची सुरुवात केली, पॉल एगर्ट यांनी तो वर्षानुवर्षे सांभाळला, आणि २०११ पासून तो आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे. जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आणि संगणकात तो असतो. ‘युरोप/पॅरिस’, ‘अमेरिका/लॉस एंजेलिस’, ‘ऑस्ट्रेलिया/ब्रिस्बेन’ अशी त्यातली नावे, रोमन लिपीत. भारतासाठी दिल्ली नाही, मुंबई नाही. ‘एशिया/कोलकाता’ हे एकच नाव. झाशीकरानेही तेच निवडायचे. पूर्वी ते ‘कलकत्ता’ होते, २००८ मध्ये बदलले. जुने नाव लिहिले तरी चालते. हे झाशी स्थानकासारखेच झाले. २०२१ च्या अखेरीस ते अधिकृतपणे ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ झाले, पण रिक्षावाल्याला नुसते ‘स्टेशन’ म्हटले तरी तो तिथेच सोडतो.

या तक्त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. १९७० पासूनच्या वेळांसाठी तो भरवशाचा; त्याआधीची हमी तो देत नाही. १९३६ च्या मुंबईची ती ३९ मिनिटे त्यात शोधून सापडत नाहीत.

लघुरूपांवरही विसंबू नये. ‘आयएसटी’ म्हणजे आपल्याला भारतीय वेळ वाटते. आयर्लंडमध्ये आणि इस्रायलमध्येही तीच तीन अक्षरे त्यांच्या त्यांच्या वेळेसाठी वापरतात.

नुसते ‘जागतिक वेळ’ लिहून का भागत नाही

थोडे पुढचे शिकलेली मुले इथे शंका काढतील : सामन्याची वेळ एकदाच जागतिक वेळेत बदलून ठेवली, तर शहराचे नाव कशाला हवे? शंका चांगली आहे. झालेल्या सामन्यासाठी ते पुरेसे आहे. येणाऱ्या सामन्यासाठी नाही.

कारण सरकारे घड्याळाचे नियम बदलतात, आणि पुष्कळदा ऐन वेळी बदलतात. मेक्सिकोने २०२२ च्या अखेरीस बहुतेक देशातून उन्हाळी वेळ काढून टाकली. इजिप्तने २०२३ मध्ये ती परत आणली. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये तर कहरच झाला. घड्याळे पुढे करायला दोन-तीन दिवस उरले असताना सरकारने ती तारीख महिनाभर लांबवली. काही संस्थांनी ते मानले, काहींनी नाही. काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या, आणि शेवटी सरकारने निर्णय मागे घेतला. आपण हसू नये. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातली घड्याळेही एक तास पुढे होती.

तिकिटावर छापलेली ‘संध्याकाळी सहा’ ही वेळ त्या शहराच्या घड्याळातली असते. सरकारने नियम बदलला, तरी सामना त्या गावाच्या सहालाच सुरू होतो. बदलतो तो जागतिक वेळेतला क्षण. म्हणून जपून ठेवायच्या गोष्टी तीन : तारीख, मैदानाच्या गावातली वेळ, आणि त्या गावाच्या टाइम झोनचे नाव. जागतिक क्षण यांवरून दर वेळी नव्याने काढायचा. मोबाइलमधला तक्ता सुधारला, की उत्तर आपोआप सुधारते. क्षण आधीच काढून पक्का केला असेल, तर तो एक तासाने चुकीचा राहतो आणि कोणाला कळतही नाही.

तारखेचीही अशीच एक खोच आहे. नुसती ‘१४ जुलै’ अशी तारीख दिली, वेळ दिली नाही, तर काही संगणकी भाषा तिचा अर्थ ‘ग्रीनिचची मध्यरात्र’ असा घेतात. मग झाशीत उलटगणती शून्यावर येते पहाटे साडेपाचला, आणि अमेरिकेत तर आदल्या दिवशीच! मध्यरात्रीच्या गाडीचीच ही गोष्ट, वेगळ्या वेषात.

घरी करून पाहण्याजोगे

घरात संगणक शिकणारे कोणी असेल, तर हे घड्याळ सुटीत करून पाहावे. करून झाल्यावर तपासण्याच्या रीती मात्र मोठ्यांनी हाती घ्याव्यात. त्याला संगणक यायला लागत नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन ‘कोलकाता’ऐवजी ‘लॉस एंजेलिस’ करा. सामन्याची दाखवलेली वेळ बदलली पाहिजे, उरलेला वेळ बदलता कामा नये. मग मोबाइल अर्धा तास बाजूला ठेवून पुन्हा उघडा. अर्धाच तास कमी झाला पाहिजे. शेवटी एक खोटा सामना पाच मिनिटांवर लावा आणि शून्य होईपर्यंत बघत बसा. पुष्कळ घड्याळे शून्यानंतर उणे एक, उणे दोन असे दाखवू लागतात. तिथे ‘सामना सुरू झाला’ असे यायला हवे.

मोबाइलचे मूळ घड्याळच कोणी हाताने लावलेले असेल, तर मात्र सारा हिशेब त्या चुकीइतका चुकतो. सकाळी उठायला व्हावे म्हणून घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांना सांगावे, की भिंतीवरचे खुशाल पुढे ठेवा, मोबाइलचे नेटवर्कवरून आपोआप लागू द्या.

आणि पावसाची सोय ठेवावी. १४ ऑगस्ट १९३६ ला बर्लिनमध्ये असे एखादे घड्याळ लावलेले असते, तर ते अगदी ठरल्या सेकंदाला शून्यावर आले असते आणि मैदानात कोणी नसते. तेव्हा ‘सामना पुढे ढकलला’ ही पाटी घड्याळात आधीपासून हवी, आणि नवी वेळ ठरेपर्यंत आकडे लपवण्याची सोयही. नवी वेळ कळली नसताना जुन्यात चोवीस तास मिळवून मोकळे होणे हा उतावळेपणा. बर्लिनचा सामना दुसऱ्या दिवशी झाला तो संयोजकांनी नव्याने ठरवलेल्या वेळी.

लॉस एंजेलिसला ऑलिंपिक पुन्हा जायचे आहे, १४ ते ३० जुलै २०२८ या काळात. या वेळी क्रिकेटही असेल, तेव्हा वेळा विचारणारे कैक पटींनी वाढणार. रूपसिंग-ध्यानचंदांच्या वेळचा साडेतेरा तासांचा फरक इथे लागू नाही. जुलैत तिकडे हल्ली उन्हाळी वेळ असते, म्हणून साडेबारा. तिथला संध्याकाळी सहाचा सामना झाशीत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिसेल. जुना आकडा धरून साडेसातला उठणाऱ्याला हॉकीचे तिसरे सत्र संपत आलेले आढळेल. अमेरिकेत ही उन्हाळी वेळ बंद करावी की कायम ठेवावी, यावर बरीच वर्षे वाद चालू आहे. तोवर काय ठरेल ते ठरेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच शाईने लिहायचे असेल, तर ‘संध्याकाळी सहा, लॉस एंजेलिस’ असे लिहावे, आणि त्याखाली झाशीची तारीख व वेळ पेन्सिलीने.